पाट्या मराठी झाल्या, मोबाइलचे काय?



सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि दादर-गिरगावातल्या दुकानांवर देवनागरी पाट्या भराभर चढल्या. आनंदच आहे. पण हल्ली गिऱ्हाईक पाटीखाली येण्याआधी मोबाइलवर दुकान शोधते आणि तिथे मराठीचा पत्ता नसतो.

मे महिन्यात लालबागच्या मसाला बाजारात उभे राहून पाहा. बेडगी, संकेश्वरी, दगडफूल, नाकेशर, मसाला कुटणाऱ्या डंखाचा धडधडाट, नाकात जाणारा खकाणा आणि भावावरून चाललेली घासाघीस, सगळे अस्सल मराठीत. व्हॉट्सॲपवर येणारी दरयादी मात्र इंग्रजीत आणि घरून गेलेली सामानाची यादी रोमन लिपीत. सोसायटीच्या सूचना, मंडळाच्या वर्गणीची आवाहने यांचीही तीच गत.

इंटरनेटने मराठी मारली, ही ओरड मला पटत नाही. डेटा स्वस्त झाल्यापासून कीर्तने, नाटकांतले प्रवेश, मालवणी गजाली घरोघर वाजताहेत. मराठी कच खाते ती लिहिताना. जगातल्या पाच टक्के भाषाही डिजिटल जगात तग धरणार नाहीत, असे हंगेरीचे भाषाशास्त्रज्ञ आंद्राश कोर्नाई यांनी २०१३ मध्येच मांडले. नुसत्या बोलणाऱ्यांच्या संख्येवर त्यांची भिस्त नव्हती. भाषा पडद्यावर किती वापरली जाते, हे त्यांनी पाहिले. त्यामुळे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या आठ कोटी तीस लाखांवर विसंबून चालणार नाही. आपण देवनागरीत लिहिलेच नाही, तर शोधणाऱ्याला सापडणार काय?

‘मराठी टाइप करणे किचकट’ ही सबब तर मुंबईत शोभत नाही. इथल्याच मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, पुढे टाइपही स्वतः पाडले. जावजी दादाजी आणि राणोजी आरू यांनी जोडाक्षरांचा एकेक खिळा घडवला; १८६९ मध्ये निघालेल्या निर्णयसागर छापखान्याचे नाव त्या अक्षरांमुळे देशभर झाले. आज कळफलक फुकट आहे, नुसते बोलले तरी अक्षरे उमटतात. तरी आम्हाला कंटाळा!

व्हॉट्सॲपवर कायद्याचा बडगा चालणार नाही, चालूही नये. लालबाग-परळच्या मंडळांनी यंदाची आवाहने आणि दुकानदारांनी दरयाद्या व गुगल नकाशावरची नावे देवनागरीत टाकावीत. त्यासाठी पालिकेच्या दंडाची वाट पाहू नये.

— एक वाचक, लालबाग