संदर्भांची मोजदाद आणि विद्वत्तेची मालकी

शोधनिबंधाच्या अखेरीस पूर्वसूरींच्या ग्रंथांचा व निबंधांचा उल्लेख करणे हा मुळात ऋणनिर्देश होय. आज मात्र हा ऋणनिर्देश खतावणीतील नोंद बनला आहे. कोणाच्या निबंधाचा किती वेळा उल्लेख झाला, या आकड्यावर प्राध्यापकाची बढती, संशोधकाचे अनुदान आणि विद्यापीठाचा क्रमांक अवलंबून राहू लागला आहे. ही खतावणी कोण लिहितो आणि ती कोणाच्या हिताची आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ विद्वानांचा राहिलेला नाही.

या मोजदादीचा आरंभ निरुपद्रवी होता. एखादा जुना निवाडा पुढे कोणत्या खटल्यांत ग्राह्य वा अग्राह्य ठरला हे दाखवणारी शेपर्ड यांची सूची अमेरिकेतील वकील 1873 पासून वापरीत होते. तीच कल्पना विज्ञानाला लावावी, असे युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये सुचविले आणि 1964 मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. एखाद्या निबंधावर पुढे कोणी आक्षेप घेतला, कोणी त्यात दुरुस्ती केली, हे त्यामुळे शोधता येऊ लागले. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडाही प्रथम या सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठीच काढला गेला. मागील दोन वर्षांतील निबंधांना एका वर्षात मिळालेले उल्लेख भागिले त्या निबंधांची संख्या, एवढाच त्याचा अर्थ. थोड्याच निबंधांना पुष्कळ उल्लेख मिळतात आणि बहुतेकांना अगदी मोजके. तेव्हा नियतकालिकाच्या सरासरीवरून त्यातील एका निबंधाची योग्यता ठरविणे हे गावाच्या सरासरी उत्पन्नावरून शेतमजुराची मिळकत ठरविण्यासारखे आहे. व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी या आकड्याचा असा वापर करण्याविरुद्ध खुद्द गारफील्ड यांनीच इशारा दिला होता.

या आकड्यांमागील गणितही बोलके आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्ये दाखविले की, सारख्याच कामाचे श्रेय नामवंताला अधिक आणि अनामिकाला कमी मिळते. डेरेक प्राइस यांनी 1976 मध्ये त्याचे गणिती प्रतिमान मांडले: नव्या उल्लेखाची शक्यता जर आधी मिळालेल्या उल्लेखांच्या प्रमाणात वाढत असेल, तर गुणवत्तेत फरक नसतानाही काही निबंध शिखरावर जातात आणि बाकीचे तळाशी राहतात. भांडवल भांडवलाला ओढते, तसाच हा प्रकार. पुढे 1999 मध्ये बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी हेच तत्त्व जाळ्यांच्या अभ्यासात स्वतंत्रपणे पुन्हा मांडले, आणि आज ते बहुधा त्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्राइस यांच्या सिद्धांताची याहून बोलकी प्रचीती कोणती असू शकेल?

गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण असेच आहे. त्यांनी 1944 मध्ये ब्रिटनमधील नियतकालिकात आनुवंशिकीवर लिहिलेल्या निबंधातील सूत्र त्यांच्याच नावाने आजही वापरले जाते. मात्र त्याआधीच्या वर्षी, 1943 मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मांडलेली उपपत्ती जगात प्रामुख्याने कारुनेन आणि लोएव्ह या नंतरच्या दोघांच्या नावे रूढ झाली. बुद्धी तीच, लेखणी तीच. पण उल्लेखांची खतावणी या दोन कामांचा हिशेब सारखा ठेवीत नाही.

शिवाय ही खतावणी आता खासगी मालमत्ता आहे. गारफील्ड यांची संस्था 1992 मध्ये थॉमसन कंपनीकडे गेली. 2016 मध्ये हा व्यवसाय 3.55 अब्ज डॉलरला गुंतवणूकदारांना विकला गेला आणि ‘क्लॅरिव्हेट’ झाला. तिची प्रतिस्पर्धी ‘स्कोपस’ ही सूची 2004 पासून एल्सेव्हिअर चालविते, आणि एल्सेव्हिअर स्वतःच नियतकालिकांचा बलाढ्य प्रकाशक आहे. म्हणजे माल विकणाराच तराजू धरून बसला आहे. संशोधकाचे वेतन जनतेच्या पैशातून येते, निबंधांचे परीक्षण तो बहुधा विनामूल्य करतो आणि त्याच्याच श्रमाचे फळ शासन पुन्हा विकत घेते. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये मंजूर केले. देशातील शिक्षणसंस्थांची अधिकृत क्रमवारी ठरविताना आकडे घेतले जातात तेही याच कंपन्यांच्या सूचींतून.

पोटाचा प्रश्न आकड्याशी बांधला की आकडा भ्रष्ट होणारच. स्वतःचेच उल्लेख करणे, परस्परांचे करणे, संपादकाच्या दबावाखाली करणे, हे सारे सर्वत्र घडते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये बढतीसाठी गुणांकन आणले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. त्यांना आवर घालण्यासाठी केलेली ‘केअर’ यादीही आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये गुंडाळली. या साऱ्यात मराठीतून गंभीर संशोधन करणाऱ्याला मात्र जागतिक सूचींत जवळजवळ स्थानच नाही. दुष्काळ, ऊसतोड किंवा गिरणगाव यांवर ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याच भाषेत लिहिणे, हा या हिशेबात तोट्याचा धंदा ठरतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. आकडा नसेल तर निवड समितीत जात, नातेगोते आणि गटबाजी यांचेच राज्य येईल. उपेक्षित समाजातील उमेदवाराला आकड्याचाच काय तो आधार, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. परंतु ज्याला प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि ओळखी मिळाल्या त्याच्याच बाजूने झुकणारा आकडा दुर्बलाचा कैवारी कसा होणार? गुप्त पक्षपातावर उपाय आहे तो उघड, लेखी आणि जाब विचारता येईल अशा निर्णयाचा.

त्याची दिशा दिसू लागली आहे. 2012 चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि 2015 चा लायडेन जाहीरनामा यांनी आकड्याने विवेकाची जागा घेऊ नये असे बजावले. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाने 2024 पासून क्लॅरिव्हेटच्या सूचीची सदस्यता सोडून ‘ओपनॲलेक्स’ या खुल्या सूचीचा मार्ग धरला. भारतातील शासनानेही सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाची संदर्भसूची सार्वजनिक करावी. भारतीय भाषांतील लेखन तीत यावे. निवड समितीने उमेदवाराचे मोजके निबंध प्रत्यक्ष वाचून आपला अभिप्राय कारणांसह प्रसिद्ध करावा. वाचनाला वेळ लागतो, ही सबब चालणार नाही. ज्याच्या उभ्या आयुष्याच्या कामाचा निवाडा करावयाचा, त्याचे काम वाचण्याइतका वेळ काढणे हे न्यायाचे किमान मोल आहे.