विश्लेषण : ब्रिटनमध्ये ‘पेगन’ वाटेकडे कोण वळतेय? नवख्यांना जाणते काय सांगतात?

ऑक्टोबर संपत आला, की मोबाइलवर मेणबत्त्या, टॅरोचे पत्ते आणि ‘मी विच आहे’ असे सांगणाऱ्या तरुणींच्या रील्स दिसू लागतात. यातले बरेचसे हॅलोविनचे नटणे-मुरडणे असते. पण त्यामागे एक खराखुरा धर्मप्रवाहही आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला. २०११ मध्ये हा आकडा ५७ हजारांच्या आसपास होता. आणखी १३ हजार जणांनी ‘विक्का’ असे लिहिले. सुमारे सहा कोटींच्या लोकसंख्येत हे प्रमाण नगण्यच. पण याच जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्यापेक्षा कमी, ४६.२ टक्के भरले. ३७.२ टक्के लोकांनी ‘कोणताच धर्म नाही’ असे सांगितले. चर्चपासून दुरावलेल्यांपैकी मूठभर पेगन वाटेकडे येतात आणि येताना बहुतेकांच्या हाती वाटाड्या म्हणून फोनच असतो.

पेगन म्हणजे नेमके कोण?

लॅटिनमधला ‘पॅगानस’ म्हणजे खेडवळ. पुढे जुने देव न सोडणाऱ्यांना हिणवण्यासाठी हा शब्द वापरला गेला. आज ती एक मोठी छत्री आहे. विक्का पाळणारे, ड्रुइड, ओडिन-थॉर या नॉर्स देवांना मानणारे हीदन असे अनेक जण तिच्याखाली येतात. सर्वांचा मिळून एक ग्रंथ नाही, धर्मपीठ नाही. निसर्गाला पवित्र मानणे, अनेक देव-देवता आणि वर्षचक्रातले सण एवढे साधारण समान.

हे वाचून ‘मग आपणही पेगनच की’ असे कुणाला वाटेल. पण हिंदूंना हा शब्द मिशनऱ्यांनी बाहेरून चिकटवला होता, तर ब्रिटनमधल्या या मंडळींनी तो स्वतःहून घेतला आहे. ‘विच’चे भाषांतर सरसकट ‘चेटकीण’ करणेही बरे नाही. चेटकीण ठरवून बायकांचे जीव घेतले जातात अशा देशात आपण राहतो.

परंपरा खरेच हजारो वर्षांची आहे का?

नाही, आणि नवख्याने सर्वांत आधी समजून घ्यावे असे हेच. ब्रिटनमधला १७३५ चा जादूटोणाविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचे पुस्तक आले आणि विक्का लोकांसमोर आली. गार्डनर हे मलायात कस्टम्स खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. आपण एका प्राचीन पंथाचे अवशेष जपतो आहोत, असा त्यांचा दावा होता. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ग्रंथात विक्काची जडणघडण मुख्यतः आधुनिक असल्याचे दाखवले. स्टोनहेंजचेही तसेच. ते मोठे दगड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. ड्रुइडांचे लिखित उल्लेख त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी सापडतात.

अनेक पेगनांनी हे मोकळेपणाने स्वीकारले आहे. त्यामुळे ‘आमच्या घराण्यात हजार वर्षांची गुप्त दीक्षा आहे’ असे सांगणारा गुरू भेटला, की जाणत्यांच्या भुवया उंचावतात. धर्म नवा असण्यात गैर काही नाही. त्याचे वय वाढवून सांगणाऱ्यापासून मात्र सावध राहावे.

गट निवडताना काय पाहावे?

खरा धोका इथे आहे. वर धर्मपीठ नाही, म्हणजे तक्रार करायलाही कुणी नाही. विक्कातल्या छोट्या गटाला ‘कोव्हन’ म्हणतात. गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेत नाहीत आणि दीक्षेआधी ‘एक वर्ष आणि एक दिवस’ थांबण्याची रीत आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत दीक्षा देऊ करणारा किंवा त्यासाठी रक्कम सांगणारा माणूस परंपरेच्याच कसोटीवर नापास होतो. काही गटांत विधी विवस्त्र होतात. जबाबदार गट हे आधीच सांगतात आणि अल्पवयीनांना घेत नाहीत. नको वाटले तर निघून जायची मोकळीक असलीच पाहिजे. ‘हा विधीचाच भाग आहे’ म्हणून शरीरसंबंधांसाठी दबाव येत असेल, तर तो धर्म नव्हे, अत्याचार आहे. अशा वेळी थेट पोलीस.

अमेरिकी ड्रुइड आयझॅक बोनविट्स यांनी १९७९ मध्ये गट तपासण्यासाठी एक गुणतालिका प्रसिद्ध केली. नेत्याची सत्ता किती, पैशांची मागणी किती, सोडून जाणाऱ्यांना रोखतात का, अशा मुद्द्यांवर गुण द्यायचे. गटात विनोद चालतो का, हाही त्यात एक मुद्दा आहे. नेत्याची चेष्टा जिथे चालत नाही, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नये, हे कुठल्याही बाबा-बुवाच्या मठालाही लागू पडावे.

नॉर्स देवांकडे ओढा असलेल्यांनी आणखी एक पाहावे. त्या चिन्हांआड काही वंशवादी गट दडलेले आहेत. २०१६ मध्ये अनेक हीदन संघटनांनी ‘डिक्लेरेशन १२७’वर सह्या करून अशाच एका अमेरिकी संघटनेशी संबंध तोडले. ‘आमचे देव फक्त आमच्या रक्ताच्या लोकांचे’ अशी भाषा ऐकू आली, की समजून जावे.

सामान विकत घ्यावे लागते का?

अजिबात नाही. स्फटिक, कांड्या, पत्ते हा बाजार आहे. धुरीसाठी विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या सेजची कॅलिफोर्नियात चोरटी तोड होते. तिथल्या मूलनिवासींसाठी ती वनस्पती पवित्र आहे आणि या तोडीला त्यांचा विरोध आहे. अंगणातली रोझमेरी चालते.

एकट्याने सुरुवात करता येते?

येते. स्कॉट कनिंगहॅम यांनी १९८८ मध्ये एकट्याने विक्का पाळणाऱ्यांसाठीच पुस्तक लिहिले. तिथून पुढे कोव्हनशिवाय चालणाऱ्यांची वाट रुळली. जुनी मंडळी सुचवतात ती सुरुवात अगदी साधी आहे : एक वही घ्यावी, चंद्र कधी उगवला, कोणत्या झाडाला पालवी फुटली, कोणत्या सणाला काय वाटले, हे लिहीत राहावे. नैराश्याची औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. आणि वर्षभर कुणालाच काही वचन देऊ नये.