निष्ठा म्हणजे सौदा नव्हे!

परीक्षा जवळ आली की आपल्या होस्टेलमधली भक्ती एकदम वाढते. कुणी शनिवारचा उपास धरतं, कुणी रविवारचं चर्च चुकवत नाही. रिझल्ट लागला, केटी बसली, की देवाशी कट्टी! मित्रमैत्रिणींनो, याला श्रद्धा म्हणायचं की सौदा?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे बायबलमधल्या गोष्टी लहानपणापासून कानावर पडल्या. त्यातला ईयोब मला सगळ्यात जवळचा वाटतो. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. वर मित्र येऊन सांगतात, ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार!’ ईयोब गप्प बसत नाही. तो देवालाच जाब विचारतो, पण देवाला सोडत नाही. आणि गंमत म्हणजे शेवटी देव रागावतो तो उपदेश करणाऱ्या त्या मित्रांवर!

ही झाली जुनी गोष्ट. पण अशी निष्ठा प्रत्यक्ष जगलेली एक बाई आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेली – पंडिता रमाबाई.

जन्म १८५८ चा. विशीच्या आतच आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता तरी सुखाचे दिवस यायला हवेत ना? नाही आले! आपली बुद्धी गहाण ठेवायची नाही म्हणून त्या धर्मातल्या गोष्टींवर प्रश्न विचारत राहिल्या, आणि तिथल्या सिस्टर नाराज झाल्या.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे त्या दार उघडं ठेवून प्रार्थना करत, काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. ‘केसरी’ने टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. इथे धर्माची सक्ती नाही, या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. पण दार लावून घेणं, लपून प्रार्थना करणं किती सोपं होतं! रमाबाईंनी ते केलं नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला त्यांचं ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९०० च्या सुमाराला तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं होती. प्रार्थना चालू होती, आणि विहिरी खणणं, शेती, विणकाम, छापखानाही चालू होता! मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर त्या वर्षानुवर्षं करत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक! तरी भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा ते काम जवळजवळ पुरं होत आलं होतं.

मला वाटतं, संकटातली निष्ठा ती हीच. दुःख होत नाही असं नाही, प्रश्न पडत नाहीत असंही नाही. पण हातातलं काम सुटत नाही.

माझं गाव पुसेगाव, जिल्हा हिंगोली. दुष्काळ म्हणजे काय, हे आम्हा मराठवाड्याच्या पोरापोरींना पुस्तकातून शिकावं लागत नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. सोयाबीन गेलं की घरून मेसचे पैसे येत नाहीत. अशा मुलाला ‘तुझी प्रार्थना कमी पडली’, ‘देव परीक्षा बघतोय’ असं सांगणारे हमखास भेटतात. हे सगळे ईयोबाचे मित्र!

तेव्हा एवढंच म्हणणं आहे. अशा वेळी उपदेश नको. वर्गणी काढून त्याचं मेसचं बिल भरा. सरांनी सबमिशनला चार दिवस वाढवून द्यावेत. आणि त्याला प्रार्थना करायची असेल, तर रूममध्ये जरा शांतता ठेवा. दार उघडं असलं तरी चालेल!