चार तिकिटांची गोष्ट



आम्ही खजरान्यातले लोक गणपतीपुढे नारळ वाढवल्याशिवाय नाटकाची तिकिटं विकायला काढत नाही. यंदा मंडळाने पहिल्यांदाच ऑनलाइन लिंक दिली. खजिनदार मी, तेव्हा पुढचं सगळं माझ्याच डोक्यावर.

प्रयोग रंगला, मानधन-भाडं चुकतं झालं. दीड महिन्याने पेमेंट गेटवेचा ईमेल आला. चार तिकिटांचे दोन हजार अडवले होते. कार्डधारकाने बँकेत तक्रार केली होती, 'पैसे गेले, काही मिळालं नाही.' याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला १२० दिवसांपर्यंत मुदत असते, म्हणजे पडदा पडला तरी हिशेब संपत नाही. आम्हाला पुराव्यासाठी मिळाले मोजके दिवस.

अहो, ते कुटुंब तिसऱ्या रांगेत बसून पोट धरून हसत होतं, मी स्वतः पाहिलं! पण 'मी पाहिलं' हा बँकेच्या लेखी पुरावा नव्हे. दारावर आमच्या पोरांनी मोबाइलकडे नजर टाकली आणि "या काकू, बसा" म्हणून आत सोडलं. नोंद शून्य. पैसे गेले, वर शुल्कही कापलं.

रागाने काकूंच्या घरी जाणार होतो. आधी फोन केला ते बरं झालं. कार्ड पुण्यातल्या मुलाचं. स्टेटमेंटवर मंडळाचं नाव नव्हतं, भलत्याच कंपनीचं होतं. त्याला वाटलं, फसवणूक झाली. काकूंनी संध्याकाळी रोख दोन हजार आणून दिले आणि दहादा माफी मागितली. खरं तर चूक आमचीच जास्त होती.

आता प्रत्येक तिकिटावर क्यूआर कोड असेल आणि तो दारावर स्कॅन होईल, म्हणजे कोण किती वाजता आत आलं याची नोंद राहील. स्टेटमेंटवर कोणतं नाव दिसेल, तिकीट रद्द केल्यास काय, हे पैसे भरण्याआधीच वाचायला मिळेल. यूपीआयचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला, तर आधी आपल्या खात्यात पैसे आलेत का ते बघायचं. स्क्रीनशॉट कुणीही बनवतो. "चुकून जास्त पाठवले, परत करा" असा फोन आला तरी तेच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा.

दिवाळीनंतरच्या प्रयोगाला दारावर मी स्वतः उभा आहे. काकूंचंही तिकीट स्कॅन होईल, त्यांना आधीच सांगून ठेवलंय.