नाव, गाव, फळ, फूल आणि पंच

बासी ईदला चुलत-मामे भावंडांची फौज एका घरात जमली की पहिला अर्धा तास मोबाईलवरून भांडण होते. मग कुणीतरी जुन्या वहीची पाने फाडते, पेन्सिलींची शोधाशोध होते आणि खेळ सुरू होतो: नाव, गाव, फळ, फूल. काही घरांत प्राणी आणि वस्तू हेही रकाने असतात, हल्लीची मुले त्यात सिनेमा घालतात. एकजण मनात मुळाक्षरे म्हणतो, दुसरा 'बस' म्हणतो, आणि जे अक्षर येईल त्यावरून सगळ्यांनी भराभर लिहायचे. कुणाशी जुळले नाही तर १० गुण, जुळले तर ५, रिकामे राहिले तर शून्य.

हा खेळ आपल्याकडेच आहे असे नाही. अरब मुले तो 'इन्सान, हैवान, नबात, जमाद' म्हणजे माणूस, प्राणी, वनस्पती आणि निर्जीव वस्तू या रकान्यांनी खेळतात. इराणमध्ये त्याला 'इस्म-फामील' म्हणतात, नाव आणि आडनाव. जर्मन मुलांचे रकाने शहर, देश आणि नदी असे असतात. अमेरिकेत तर १९८८ साली याच जातीचा एक खेळ 'स्कॅटेगरीज' नावाने डब्यात भरून विकायला आला. त्यात २० बाजूंचा फासा असतो. इंग्रजीची अक्षरे २६, म्हणजे ज्यांवर शब्द सुचणे कठीण अशी ६ अक्षरे त्यांनी आधीच वगळली. आपल्याकडे हे शहाणपण कुणी केलेले नाही. मराठीत ण आणि ळ यांनी शब्द सुरू होत नाही, तेवढी दोन अक्षरे मुले आपणहून सोडतात. पण ठ आला की ठाणे लिहून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, आणि ढ वर ढाका आणि ढोल यांच्यापुढे गाडी जात नाही. याउलट म आला तर महाड, मोसंबी, मोगरा अर्ध्या मिनिटात तयार. म्हणजे हुशारीइतकाच नशिबाचाही भाग. खेळात नशीब असावे, त्याने लहान मूलही कधीतरी जिंकते. पण एकाच डावात ठ, ढ, थ लागोपाठ आले तर खेळाचा कंटाळा येतो. ही ३-४ अक्षरे चिठ्ठ्यांतून काढून टाकावीत, असे आमचे मत.

उर्दूत हाच खेळ घेतला की निराळीच मजा होते. मराठीत आयेशा आणि आसिफ दोघेही आ चे. उर्दूत आसिफ अलिफचा, पण आयेशा ऐनची. अली, उमर, आबिदा हेही ऐनचे. मुले हमखास अलिफवर आयेशा लिहितात आणि घरातली आपा ते खोडते. स चे तर तीन घरांत वाटप आहे: सलमा सीनची, साबिर स्वादचा, सुरैया सेची. जुबेर जे ने, झाकीर जालने, जमीर जादने आणि जफर जोएने. पाठ्यपुस्तकातून हा इमला पक्का व्हायला वर्ष जाते, तो इथे दोन-चार डावांत होतो, कारण चुकले तर गुण जातात आणि भावंडे हसतात. अर्थात जाद आणि जोए वर फळफूल कुठून आणायचे? से आला तेव्हा एका मुलाने फळाच्या रकान्यात 'समर' लिहिले. समर म्हणजेच फळ! त्याला आम्ही १० गुण दिले.

याच ज ला मराठीत आणताना कधी ज होतो, कधी झ. जुबेर की झुबेर, जाकीर की झाकीर? खेळात ज्याला जे अक्षर आले तसे तो लिहितो आणि खपून जाते. तेच शाळेच्या दाखल्यावर एक आणि रेशनकार्डावर दुसरे झाले, तर पुढचा डाव कचेरीच्या खिडकीसमोर खेळावा लागतो. पालकांनी निदान आपल्या मुलांपुरते हे एकदा ठरवून ठेवावे.

बाकी खेळाचे फायदे सर्वांना ठाऊक आहेत. खर्च नाही, पाच वर्षांच्या मुलापासून दादीपर्यंत सगळे बसू शकतात, शब्दसाठा हलता राहतो. दादीला लिहिता येत नसेल तर नात तिची लेखनिक होते. फुलांच्या रकान्यात तर दादीच जिंकते. अबोली, बकुळ, घाणेरी ही नावे आजच्या मुलांच्या तोंडी कुठे?

आमची खरी तक्रार पंचाविषयी आहे. या खेळात पंच नसतो. एखादे उत्तर बरोबर की चूक हे जमलेली मुले ओरडून ठरवतात, आणि जी उत्तरे जास्त जणांना माहीत तीच बरोबर ठरतात. फळाचे घ्या. मराठवाड्यातल्या दखनी बोलणाऱ्या घरात पेरूला जाम म्हणतात. कोकणातल्या घरात जाम म्हणजे ते पांढरे, पाणीदार, घंटेसारखे फळ. दोन्हीकडची भावंडे एकत्र बसली की ज वरून हमखास वाद. दोघेही बरोबर आहेत, पण ज्या बाजूची मुले जास्त त्या बाजूचा जाम खरा! गावाचेही तसेच. आईच्या माहेरची २० घरांची वाडी मुलाने लिहिली, की दुसरा मोबाईल काढतो, नकाशात शोधतो आणि 'असे गावच नाही' म्हणून मोकळा होतो. त्या वाडीत त्याच्या नानाची कबर असते.

नावाच्या रकान्यात हे सर्वांत जास्त लागते. आमच्या ओळखीची एक मुलगी मराठी शाळेत सातवीत आहे. वर्गात खेळताना झ आला, तिने 'झुलेखा' लिहिले. असे नाव नसतेच, असा वर्गात गलका झाला आणि तिला शून्य मिळाले. झुलेखा हे तिच्या नानीचे नाव. त्यानंतर पुन्हा झ आला तेव्हा तिने 'झेलम' लिहिले. झेलम नावाचे माणूस तिने आजवर पाहिलेले नाही, पण त्यावर कुणी ओरडत नाही.

एकच बाजू सांगणे बरोबर होणार नाही. आमच्या उर्दू वर्गात एकाने ध वर 'धोंडू' लिहिले तेव्हा आमचीही मुले अशीच हसली होती. त्या मुलाच्या गल्लीत धोंडूमामा राहतात, सायकली दुरुस्त करतात.

तेव्हापासून आम्ही एक नियम लावला आहे. उत्तरावर हरकत घेता येईल, पण मत घ्यायचे नाही. ज्याने लिहिले त्याने सांगायचे, हे नाव कुणाचे, हे गाव कुठे, हे फळ कुणाच्या घरी खाल्ले. सांगता आले की गुण मिळाले. थापा मारणारे निघतात, नाही असे नाही, पण दुसऱ्या प्रश्नाला ते अडखळतात. या नियमाने डाव लांबतो. तासाभरात १० अक्षरे व्हायची तिथे ५ होतात, कारण मध्येच धोंडूमामांची सायकल आणि कुणाच्या तरी फुफीचे गाव येते.

आणखी एक. जो आधी लिहून संपवतो तो 'स्टॉप' ओरडतो आणि सगळ्यांना पेन्सिल खाली ठेवावी लागते, ही रीत आम्हाला पसंत नाही. ज्याचे अक्षर सावकाश चालते, जो घरी उर्दू आणि शाळेत मराठी लिहितो, त्याच्या डोक्यात शब्द असूनही कागद कोरा राहतो. घड्याळ लावून सर्वांना दोन मिनिटे द्यावीत. चपळ मुले थोडी कुरकुरतील.

खाण्याच्या पदार्थाचा रकाना मात्र जरूर वाढवा. श वर शीरखुर्मा, ख वर खिचडा, न वर नानखटाई, स वर सांदण. स्वयंपाकघरातून अम्मीही उत्तरे ओरडून सांगते. घ वरच्या फळाचा प्रश्न आमच्याकडे अजून मिटलेला नाही. एका मुलीने 'घोसाळे' लिहिले आहे. ती म्हणते, विज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणे ज्यात बी असते ते फळच. तिची अम्मी म्हणते, आमच्याकडे त्याची भाजी होते.