संगणकावरून फोन करताना

मैत्रिणींनो, लेक परदेशी गेली की आईचा जीव टांगणीला लागतो. ट्रंककॉल लावून ताटकळत बसायचे दिवस गेले. आता घरच्या संगणकावरून इंटरनेटने बोलता येतं. आपल्याकडे त्याला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. २००३ साली आलेलं स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण व्हॉट्सअ‍ॅप, गूगल मीट आहेतच.

बोलताना कानाला हेडफोन लावा. नाहीतर स्पीकरमधून आलेला लेकीचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि तिला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं. आवाज तुटत असेल तर राउटरजवळ बसा. घरात कुणी सिनेमा पाहत असेल तर तेवढा वेळ थांबवायला सांगा.

एक मात्र विसरू नका हं. वीज गेली की राउटर बंद, अन् संगणकावरचा फोनही बंद. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ हा आणीबाणीचा नंबर लागत नाही. म्हणून घरात सासूबाई किंवा मामंजी एकटे असतील, तर साधा मोबाइल चार्ज करून त्यांच्या उशाशी ठेवा. ११२ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावा. शेजारच्या वहिनींचा नंबरही त्याखालीच असू द्या.