कट्टा आपला, मालकी कोणाची?

कापसाचा भाव, गोदावरीला आलेले पाणी, लग्नाचे आवतन, दहाव्याचा निरोप: तीर्थपुरी परिसरात हे सारे आता व्हॉट्सॲपवरच फिरते. सोय मोठी आहे, पण तिथले नियम ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुट बंद केले आणि तिथले मराठी समूह एका निर्णयासरशी विखुरले.

याला पर्याय आहे. जर्मनीतील ऑयगन रोख्को यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम सुरू केले. त्याचे सर्व्हर निरनिराळ्या संस्था आणि व्यक्ती चालवतात, तरीही एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. सर्व्हर बदलला तर जुने लेखन मागे राहते, पण अनुयायी सोबत नेता येतात. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीय तिकडे वळले होते.

आपल्या भागाला सामायिक मालकीचा हा विचार परका नाही. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा ‘सागर’ हा दुसरा कारखाना तीर्थपुरीतच आहे. एक सभासद, एक मत हे सहकाराचे मूळ तत्त्व. मात्र सभासदांनी लक्ष काढून घेतले की सहकार मोडतो. सर्व्हरचेही तेच: भाडे भरणे, बॅकअप घेणे, शिवीगाळ आणि अफवा हटवणे ही कामे कोणीतरी नेटाने करावी लागतात.

म्हणून व्हॉट्सॲप आजच सोडा, असा आमचा आग्रह नाही. एखाद्या वाचनालयाने, महाविद्यालयाने किंवा शेतकरी गटाने वर्गणी काढून छोटा सर्व्हर उभारावा. पहिले सभासद व्हायला आम्ही तयार आहोत.